तिजोरी सावरली, मग शिक्षकाची जागा का नाही सावरली?

प्रश्न एका तरुणाचा आहे, थोडक्यात असा. २०१४ ला डी.एड. झालं. शिक्षक भरतीसाठीची डिसेंबर २०१७ ची अभियोग्यता चाचणी दिली, २०१९ च्या यादीत थोडक्यात हुकले. उरलेल्या जागांची वाट बघत असताना मे २०२० मध्ये सरकारने भरतीच थांबवली. २०२३ ला पुन्हा चाचणी दिली, गुण बरे पडले, तर स्वतःच्या जिल्ह्याच्या जाहिरातीत त्यांच्या प्रवर्गापुढे शून्य. पत्नी तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत शिकवत होत्या. जून २०२० मध्ये ‘शाळा उघडली की कळवतो’ असं संस्थेने सांगितलं, ते आजतागायत कळवलेलं नाही. त्यांचं विचारणं असं: “पैसा नव्हता तेव्हा भरती थांबली, समजू शकतो. पण पुढे जीएसटीचे विक्रम पेपरात येत होते. तिजोरी सावरली, मग जागा का नाही सावरल्या? मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे शाळांना पोत्याने पैसा दिला. आपल्याकडे नक्की काय झालं?”

मी शिक्षक नाही. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत काढली, मराठवाड्यात. त्यातली शेवटची अकरा शिक्षण विभागात. २०२२ ला निवृत्त झालो. म्हणजे कोरोनाच्या दोन्ही वर्षांतली शिक्षकांची पगारबिलं, शाळांची अनुदानं आणि रिक्त पदांचे तक्ते माझ्याच टेबलावरून गेले. तेवढ्या अनुभवावर बोलतो. प्रवर्ग, माध्यम, विषय आणि जिल्हा बदलला की उत्तर बदलतं. तुम्ही जिल्हा लिहिलेला नाही, त्यामुळे एकदोन ठिकाणी ‘असेल तर’ म्हणावं लागेल.

तुम्ही धरून चाललात की तिजोरीत पैसा आला की जागा निघते. गावची नळयोजना आठवा. टाकी भरली म्हणून तुमच्या गल्लीला पाणी आलं असं होत नाही. मधे व्हॉल्व्ह असतात, आणि त्यांच्या चाव्या एकाच माणसाकडे नसतात. शिक्षकाच्या जागेचंही तसंच आहे. वित्त विभागाची परवानगी हा त्यातला एक व्हॉल्व्ह. तो २०२० मध्ये बंद झाला आणि बातमी त्याचीच झाली. बाकीचे व्हॉल्व्ह कधी बंद झाले ते कुणी छापलं नाही, आणि तुमचं शून्य बहुधा तिथलं आहे.

आधी बातमी झालेल्या व्हॉल्व्हबद्दल. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने योजनांवरचा खर्च अंदाजपत्रकाच्या ३३ टक्क्यांवर आणला, नवीन योजना आणि नवीन कामं थांबवली आणि आरोग्य, वैद्यकीय शिक्षण अशी मोजकी खाती सोडून भरती बंद केली. त्याआधी मार्चचा पगार टप्प्याने देण्याचं ठरलं होतं. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा दुसरा हप्ता वर्षभर पुढे गेला. केंद्राने जानेवारी २०२० पासून दीड वर्ष महागाई भत्ता गोठवला. या सगळ्यात एक गोष्ट बघा: कामावर असलेल्या एकाही जिल्हा परिषद शिक्षकाची नोकरी गेली नाही. पगार हा सरकारच्या लेखी अनिवार्य खर्च. तो उशिरा देता येतो, टप्प्याने देता येतो, टाळता येत नाही. मग वाचवायचं कुठे? जो अजून आलेलाच नाही त्याच्या पगारात. रिकाम्या पदाला घर चालवायचं नसतं, ते मोर्चा काढत नाही. म्हणून कुठल्याही टंचाईत पहिला घाव भरतीवर पडतो, आणि लेखा शाखेत बसलेल्या माणसाला तो सगळ्यात सोपा वाटतो. मलाही वाटायचा, लपवत नाही.

दुसरा घाव वेतनेतर पैशावर. शाळेला वर्षाला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतं: ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजार, १०१ ते २५० च्या शाळेला ५० हजार, तीसपर्यंतच्या शाळेला १० हजार. हा पैसा समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेतून येतो, केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. केंद्राच्या २०२०-२१ च्या अंदाजपत्रकात समग्र शिक्षाला ३८,७५१ कोटी होते, पुढच्या वर्षी ३१,०५० कोटी. दिल्लीत सात हजार सातशे कोटी घटले, की आमच्या टेबलावर त्याचा अर्थ असा होतो: मुख्याध्यापक हातात वीजबिल घेऊन उभे. शाळा बंद, मुलं घरी, पण मीटरचा स्थिर आकार चालूच. एका शाळेचं बिल तुंबून तुंबून सतरा हजारांवर गेलं होतं आणि शाळेला अनुदान दहा हजार. मीटर काढून नेलं. नंतर ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या निधीतून बिल भरलं. सरपंचबाई खमक्या होत्या म्हणून. शेजारच्या गावातली शाळा वर्षभर अंधारात होती, तिथेही ग्रामपंचायत होती, निधीही होता.

आता ज्याची बातमी झाली नाही तो व्हॉल्व्ह. त्याचं नाव संचमान्यता. शाळेच्या पटावरून तिथे किती शिक्षक मंजूर हे ठरवणारा कागद. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं मूल आलं की तिसरा. एका शाळेचं उदाहरण देतो, गावाचं नाव सांगत नाही.

मार्च २०२० मध्ये या शाळेचा पट ५४, दोन शिक्षक. टाळेबंदीत चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांतून माणसं गावी परतली, लेकरांसह. त्यात इंग्रजी शाळेची फी परवडत नाही म्हणून तालुक्याच्या गावातून पाच-सहा मुलं नाव काढून इकडे आली. पट झाला ६६. एकट्या या गावाची गोष्ट नव्हती ही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत देशभर ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली मुलं २०१८ मध्ये ६४.३ टक्के होती, ती २०२१ मध्ये ७०.३ टक्के झाली. म्हणजे ज्या वर्षी शिक्षक भरती बंद, नेमकी त्याच वर्षी आमच्या शाळांकडे मुलं आली. मुख्याध्यापकांनी तिसऱ्या शिक्षकासाठी अर्ज दिला. आमच्या कार्यालयाने उत्तर दिलं की चालू वर्षाची संचमान्यता झालेली नाही, जुनीच ग्राह्य. दोन वर्षं जुन्याच कागदावर गाडा हाकला. पटावर ६६, कागदावर ५४.

नव्याने संचमान्यता झाली ती २०२२-२३ ची, आणि तिच्यात ज्याचं आधार जुळलं तेच मूल मोजायचं असं ठरलं. तोवर काय झालं होतं? कारखाने सुरू झाले. आयबापांना कामं परत मिळाली, तीन कुटुंबं चाकणला गेली, पाच मुलं गेली. राहिली एकसष्ट. म्हणजे तिसरा शिक्षक मिळायला हवा. पण दोघांची आधारवरची जन्मतारीख आणि शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख वेगळी. मोजली गेली एकोणसाठ. दोन शिक्षक मंजूर. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. मुख्याध्यापक घरी येऊन सांगून गेले, चहा न पिता.

गावातल्या बापाला चाकणला नोकरी परत मिळाली आणि त्याच हिशेबात शाळेतली एक नोकरी होता होता राहिली. ‘अर्थव्यवस्था सावरली की जागा येतील’ हे वाक्य म्हणून मला खटकतं. खेड्यातल्या शाळेच्या बाबतीत ते कधी कधी नेमकं उलटं चालतं.

तिसरा व्हॉल्व्ह बिंदुनामावली, म्हणजे रोस्टर. तुमचं शून्य बहुतेक इथलं. जिल्हा परिषदेत कोणत्या प्रवर्गाची किती पदं भरलेली आणि किती रिकामी, याची ही नोंदवही. विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून ती तपासून आणावी लागते. त्याशिवाय पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, जाहिरात चढत नाही. आता आंतरजिल्हा बदलीने तुमच्या प्रवर्गाचे वीस शिक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून तुमच्या जिल्ह्यात आले असतील, तर तेवढे बिंदू, म्हणजे नामावलीतल्या तुमच्या प्रवर्गाच्या जागा, भरले गेले. एकूण रिक्त पदं तीनशे दिसतील, तुमच्या प्रवर्गाची शून्य, किंवा उणेसुद्धा. आपल्या गावाजवळ यावं असं कुणालाही वाटतं, त्यांचा दोष नाही. पण बदल्या आधी आणि भरती नंतर हा क्रम असला की नव्या उमेदवाराच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तुमचा जिल्हा बदलीने लोक जिथे येतात त्यातला असेल, तर हेच झालं असणार. लोक जिथून बदलून जातात त्यातला असेल, तर नामावलीच चुकीची लिहिलेली असू शकते, आणि ती तपासून घेण्यासारखी आहे.

इतकं बोलल्यावर तिजोरीकडे परत येऊ, कारण तुमचा मूळ प्रश्न तिचा होता. ती सावरली हे खरं. एप्रिल २०२२ मध्ये देशाचं जीएसटी संकलन १ लाख ६७ हजार कोटींच्या वर गेलं, तोवरचा विक्रम. पण त्याच जूनमध्ये राज्यांना मिळणारी जीएसटी भरपाईची हमी संपली. शिवाय शिक्षक नेमणं म्हणजे तीस वर्षांचा पगार बांधून घेणं; एका चांगल्या तिमाहीवर वित्त विभाग ते करत नाही. हात सैल सोडतात तोही बोटभर. जुलै २०२१ मध्ये आधीच्या भरतीतल्या उरलेल्या सुमारे ६,१०० पदांना वाट दिली. २०२२ मध्ये रिक्त पदांच्या ८० टक्क्यांपर्यंत भरायला मुभा आली. फेब्रुवारी-मार्च २०२३ ला चाचणी. मग २१ हजारांवर पदांच्या जाहिराती आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातल्या सुमारे ११ हजारांवर उमेदवारांची शिफारस. मे २०२० ते फेब्रुवारी २०२४, जवळजवळ चार वर्षं. मला विचाराल तर यातली पैशाने खाल्लेली दीड-दोन. बाकीची कागदाने खाल्ली.

माझा खरा राग आहे तो इथे, आणि तो माझ्यावरही आहे. २०२० ते २२ मध्ये पैसा नव्हता, पण नामावली तपासायला पैसा लागत नव्हता. मुलांची आधार दुरुस्ती करायला शिबिरं घेता आली असती. संचमान्यता कागदावर तरी अद्ययावत ठेवता आली असती. भरती बंद आहे ना, मग कशाला घाई, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी फायली बाजूला ठेवल्या. शिक्षक तर कोरोनाच्या तपासणी नाक्यांवर आणि घरोघरच्या सर्वेक्षणात होते, मुख्याध्यापकांना दोष देता येत नाही. कार्यालयात बसलेल्यांना देता येतो. वित्त विभागाचा व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आमचे दोन्ही बंद होते, आणि ते उघडायला मग घाईघाईत सुरुवात झाली.

तुमच्या पत्नीच्या नोकरीची गोष्ट वेगळी आहे, ती या नळयोजनेत येतच नाही. जिल्हा परिषद शाळेत माणूस टिकला आणि पद रिकामं राहिलं. विनाअनुदानित शाळेत माणूसच गेला. कोरोनात शाळांमधली जी नोकरी बुडाली ती मुख्यतः तिथली: शिक्षिका, सेविका, बसचे ड्रायव्हर. संस्थांचीही कोंडी होती. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांवरच्या दर मुलामागे सरकार वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती, म्हणजे फीची भरपाई, धरत होतं. शाळा बंद म्हणून २०२०-२१ आणि २०२१-२२ साठी ती ८,००० वर आणली, आणि तीही कधी मिळेल याचा भरवसा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये फीत १५ टक्के कपातीचा आदेश आला. पालकांनी आधीच फी थांबवली होती. ज्या शाळेचा सगळा पगार फीवर, तिथे पहिल्या दोन महिन्यांत शिक्षिकेला घरी बसवलं गेलं. काही संस्थाचालकांकडे खरंच पैसे नव्हते, काहींनी ही संधी साधली. दोन्ही प्रकार मी जवळून बघितलेत.

पुढचा भाग कटू आहे. सरकारी पद रिकामं राहिलं तरी त्याचा कागद असतो, पद ‘रिक्त’ म्हणून कुठेतरी मोजलं जातं, विधानसभेत त्यावर प्रश्न विचारता येतो. तुमच्या पत्नीकडे नेमणुकीचं पत्र होतं का? त्या नेमणुकीला शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता होती का? नसेल, तर ती नोकरी गेली हेसुद्धा सरकारदरबारी कुठे नोंदलेलं नाही, मग ती परत यायची कशी. इंग्रजी शाळांतून आमच्याकडे आलेला पट मात्र बराचसा परत फिरला, पालकांच्या हातात पैसा आल्यावर मुलं पुन्हा इंग्रजी शाळेत गेली. शाळांनी माणसं घेतली, पण नवी आणि कमी पगारावर. तुमच्या पत्नींनी अनुभवाचा दाखला लेखी मागून घ्यावा, संस्था टाळाटाळ करेल तरी. पुढे कुठेही उपयोगी पडतो.

आता मावसभावाचं म्हणणं. खरं आहे. अमेरिकेत शाळांचा पैसा मुख्यतः राज्य सरकार आणि स्थानिक मालमत्ता करातून येतो, केंद्राचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आत. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी हात आखडला आणि स्थानिक शाळांमधल्या नोकऱ्या पुढची तीन-चार वर्षं, बाकीची अर्थव्यवस्था सावरत असतानासुद्धा, कमी होत राहिल्या. एप्रिल २०२० मध्ये तर एका महिन्यात चार लाखांहून जास्त गेल्या. या वेळी मात्र केंद्राने मार्च २०२०, डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ अशा तीन कायद्यांनी मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर शाळांना दिले. पण त्याला मुदत होती. शेवटचा हप्ता कशावर खर्चायचा ते ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पक्कं करून टाकायचं. बऱ्याच ठिकाणी या पैशातून समुपदेशक, मदतनीस, वाचनाचे जादा शिक्षक नेमले, आणि मुदत संपल्यावर या लोकांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला, कारण मधल्या काळात पट घटला होता. लेखापालाच्या भाषेत: आवर्ती खर्च अनावर्ती पैशातून केला, म्हणजे दरवर्षी लागणारा खर्च एकदाच मिळालेल्या पैशातून. मावसभावाला विचारा, त्यांच्या गावच्या शाळेत मुदत संपल्यावर कुणाला काढलं का.

तरी मला विचारलं, की काहीच न मिळण्यापेक्षा मुदतीचा पैसा बरा का, तर मी बरा म्हणेन. दोन वर्षांसाठी का होईना, त्या सहासष्ट मुलांपुढे तिसरा माणूस उभा राहिला असता. आपल्याकडे तसा प्रयत्न झाला तो उशिरा आणि उलट दिशेने: जुलै २०२३ मध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजारांवर घ्यायचा निर्णय आला. त्याच वेळी नियमित निवडीने येणाऱ्या प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन होतं १६ हजार, आणि तेही जानेवारी २०२३ पासून; त्याआधी ६ हजार होतं. पेन्शन घेणाऱ्याला वीस आणि तुमच्यासारख्याला सोळा. मी स्वतः पेन्शनर आहे, तरी हे मला पटलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही काय करायचं? सगळ्यात आधी वयाचं बघा. मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांची सूट दिली होती, ती ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच्या जाहिरातींपुरती. ती अजून आहे असं गृहीत धरून बसू नका. दुसरं, फक्त आपल्या जिल्ह्याचा हट्ट सोडता येत असेल तर सोडा. जिथून बदलीने लोक बाहेर पडतात ते जिल्हे तुमच्या प्रवर्गाला उघडे असतात. घरी म्हातारे आईवडील असतील तर हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, ते मला कळतं.

आणि तिसरं, माहितीच्या अधिकारात दोन कागद मागवा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे अर्ज करा: शेवटची प्रमाणित बिंदुनामावली, मागासवर्ग कक्षाच्या शेऱ्यासह, आणि तुमच्या तालुक्याची शाळानिहाय संचमान्यता. ‘भरतीबाबत माहिती द्यावी’ असं मोघम लिहाल तर मोघम उत्तर येईल. नामावलीत तुमच्या प्रवर्गासमोर मंजूर, कार्यरत आणि रिक्त असे रकाने असतात. कार्यरतच्या आकड्यात बदलीने आलेले किती, ते वेगळं विचारा. संचमान्यतेत शाळेचा प्रत्यक्ष पट आणि आधार जुळलेला पट यांत चार-पाचाचा फरक असलेल्या शाळा शोधा, विशेषतः ज्या आकड्यावर मंजूर शिक्षकांची संख्या बदलते त्याच्या अल्याडपल्याड असलेल्या. अशा आठ-दहा शाळांची यादी झाली तर ती घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. एखाद्या मुलाची जन्मतारीख दुरुस्त झाली तर एक पद उभं राहतं, हे त्यांनाही ठाऊक असतं, फक्त यादी करायला माणूस नसतो. जाताना सोमवार टाळा, त्या दिवशी सगळे बैठकीत असतात. आणि अर्जाची पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह.